हिवाळ्यातील दक्षिणयात्रा : मुंबई ते गोवा, शिडाच्या होडीने

नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभापाशी १९०७ सालची जी सर्वेक्षणाची खूण आहे, तिची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. समुद्र ज्या शहरापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, त्या शहराची उंचीही अखेर समुद्रावरूनच मोजावी लागली. मुंबई, कारवार यांसारख्या बंदरांत वर्षानुवर्षे ठेवलेल्या भरती-ओहोटीच्या नोंदींतून सरासरी समुद्रपातळी ठरली आणि तिच्या आधाराने देशाच्या अंतर्भागातील उंचींची मोजणी झाली. नागपूरकरांचा समुद्राशी येणारा संबंध बहुधा दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीपुरता, तोही गणपतीपुळे वा कळंगुटच्या वाळूवर उभे राहून पाहण्यापुरता असतो. त्याच सुटीच्या दिवसांत याच किनाऱ्याला समांतर, शिडाच्या छोट्या होडीतून दक्षिणेकडे जाण्याचा एक फार जुना आणि आता जवळपास विसरला गेलेला मार्ग आहे. हौशी नौकानयन करणारी माणसे, अनेकदा केवळ पती-पत्नी, आजही त्या मार्गाने अधूनमधून जातात.

पाश्चात्त्य देशांत ही गोष्ट नवलाची नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शरद ऋतू सरू लागला की शेकडो नौका फ्लोरिडा व बहामाकडे निघतात. त्यांत निवृत्त जोडप्यांचा भरणा मोठा असतो. तेथे खाड्या आणि कालवे जोडून तयार केलेला एक आतला जलमार्ग आहे. व्हर्जिनियातील नॉरफोक येथे त्याचा शून्य मैल मानतात आणि तेथून मायामीपर्यंत सुमारे एक हजार नव्वद मैल मोजले जातात. ती मंडळी थंडीला कंटाळून दक्षिणेकडे जातात. कोकणात थंडी चुकविण्याचा प्रश्नच नाही. येथे हिवाळ्यात निघायचे ते समुद्र त्याच महिन्यांत वाट देतो म्हणून. शिवाय येथे आतला जलमार्ग नाही. एका खाडीतून बाहेर पडले की पुढच्या खाडीपर्यंत उघडा अरबी समुद्र असतो.

मुंबई ते गोवा हे अंतर समजून घेण्याची एक सोपी रीत आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे जवळपास एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. नागपूर सुमारे २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई बंदर १८ अंश ५५ मिनिटांवर आणि मांडवीचे मुख १५ अंश ३० मिनिटांच्या आसपास. मुंबई व गोवा यांच्या अक्षांशांतील फरकच सुमारे २०५ मिनिटांचा, म्हणजे २०५ सागरी मैलांचा आहे. किनारा थोडा पूर्वेकडे कलतो आणि वाटेत खडक व भूशिरे टाळावी लागतात. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास २२० ते २३० सागरी मैलांचा होतो. तीस फुटी होडी ताशी चार-पाच मैल गाठते. न थांबता गेल्यास दोन दिवस व दोन रात्री पुरतात. रोज मुक्काम करीत गेल्यास आठवडा लागतो. दोघांच्या होडीने दुसरा पर्याय निवडावा, हे उत्तम.

वाऱ्यांचे वेळापत्रक

शालेय भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांची व्याख्या प्रत्येकाने पाठ केलेली असते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात हे दोन वारे केवळ व्याख्या राहत नाहीत, तर रोजचे वेळापत्रक बनतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि मध्यरात्रीनंतर जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पूर्व वा ईशान्येकडून, मतलई वारा वाहू लागतो. पहाटे तो चांगला असतो. किनाऱ्यालगत पाणी सपाट असते, कारण वारा जमिनीवरून येत असल्याने लाटा उठायला अंतरच मिळत नाही. सूर्य वर आला की हा वारा क्षीण होतो आणि नऊ-दहाच्या सुमारास बहुधा पडतो. तासा-दोन तासांची निर्वात शांतता जाते. त्यानंतर तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात मुळातच उत्तरेचा वारा असल्याने हा खारा वारा वायव्येकडून येतो, दुपारी तीन-चार वाजता सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो.

दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था शोधून सापडणार नाही. पहाटे निघावे, तेव्हा मतलई वारा डाव्या अंगाने शीड भरतो; दुपारी वायव्येचा वारा मागून व उजवीकडून ढकलतो; आणि उजेड असतानाच पुढच्या खाडीत नांगर टाकता येतो. किनाऱ्याने चालणारी फत्तेमारी, मचवे, पडाव हीच वहिवाट पाळीत. मंगळुरी कौले, मीठ, धान्य, लाकूड यांची ने-आण कित्येक पिढ्या या वाऱ्यांच्या भरवशावर झाली.

हा सारा कारभार नागपूरच्या थंडीपासून वेगळा नाही. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकला की त्यामागून कोरडी थंड हवा खाली उतरते आणि विदर्भात पारा घसरतो. कधी या विक्षोभाची गाठ पूर्वेकडून येणाऱ्या दमट हवेशी पडते आणि विदर्भात अवकाळी पाऊस व गारपीट होते. त्याच सुमारास किनाऱ्यावर उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस जोर धरतो. इराणच्या आखातातील शमाल नावाच्या वायव्य वाऱ्यांनी उठविलेल्या लाटाही हजारो किलोमीटरचा प्रवास करून रत्नागिरी-गोव्याच्या किनाऱ्यावर येतात. स्थानिक हवा अगदी शांत असताना वायव्येकडून लांबलांब लाटा येऊ लागल्या तर त्यांचे मूळ तेथे असण्याचा संभव असतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने थंडीच्या लाटेचा इशारा दिला की किनाऱ्यावरील होडीवाल्यानेही कान टवकारावेत, हे म्हणूनच वावगे नाही.

नोव्हेंबरचा विश्वास नाही

पावसाळा संपला की समुद्र शांत झाला, अशी एक समजूत आहे. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून कोळी बांधव मासेमारीला निघतात. शासकीय मासेमारी बंदीही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी असते. परंतु अनुभवी कोळ्यांची मोठी नौका आणि दोन हौशी माणसांची होडी यांत फरक आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यापूर्वीचा व दुसरा नंतरचा. त्यांतील दुसरा ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत रेंगाळतो.

तारखा पाहिल्या तर अंगावर काटा येतो. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट, जिला लोक ‘वीजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकण किनाऱ्यावरील दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ कोकणात धडकले आणि समुद्रावर असलेले अनेक मच्छीमार परतले नाहीत. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस केरळजवळ उग्र झालेले ‘ओखी’ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोकणासमोरून गुजरातकडे गेले. त्या वेळी केरळ व तामिळनाडूच्या कितीतरी मच्छीमारांना देवगड बंदराने आसरा दिला. ‘रामदास’ बोटीची दुर्घटना महाराष्ट्राला अधिक आठवते, पण ती १७ जुलै १९४७ ची, म्हणजे ऐन पावसाळ्यातील होती.

यावरून जाणकार जो हंगाम धरतात तो डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. तेवढ्या काळातही रोज सकाळी भारतीय हवामान विभागाचे किनारी अंदाजपत्र आणि हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज पाहिल्याविना नांगर उचलू नये.

मुक्कामांची माळ

मुंबई बंदरातून बाहेर पडताना १८७५ सालचे प्राँग्ज दीपगृह मागे पडते आणि डावीकडे खांदेरी-उंदेरीची जोडबेटे दिसू लागतात. खांदेरीवरील दीपगृह १८६७ सालचे आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटाची तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांना आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला एकाच वेळी घाम फुटला होता. मुंबई बंदराच्या तोंडावर बसलेले हे ठाणे किती मोक्याचे आहे, हे नकाशापेक्षा होडीतून अधिक चांगले कळते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच प्रवासाच्या वाटेवर येतात.

पहिला मुक्काम सामान्यतः राजपुरीच्या खाडीत, मुरूड-जंजिऱ्याच्या आडोशाला होतो. मुंबईपासून हे अंतर चाळीस मैलांच्या घरात असल्याने पहिलाच दिवस लांबलचक ठरतो. पहाटे तीन-चारला निघावे लागते. तेथून हर्णै सुमारे तीस मैल. वाटेत श्रीवर्धन आणि सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट लागते. बाणकोटच्या अलीकडे-पलीकडे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे किनाऱ्यावर अंडी घालण्यास येतात, त्यामुळे रात्री किनाऱ्यालगत इंजिन चालविताना काळजी घ्यावी. हर्णैला सुवर्णदुर्गाचा थोडाफार आडोसा मिळतो, पण मासेमारी नौकांची दाटी फार असते. वायव्येच्या लाटा असतील तर येथे रात्रभर हेलकावे खावे लागतात. तसे असल्यास दाभोळची, म्हणजे वाशिष्ठीची खाडी गाठावी. तिच्या मुखाशी अंजनवेलचे दीपगृह आहे.

पुढे शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आणि तेथून वीसेक मैलांवर रत्नागिरी. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलेला असल्याने तो लांबूनच ओळखू येतो. डिझेल, पाणी, भाजीपाला, डॉक्टर या सर्वांची सोय या वाटेवर रत्नागिरीला सर्वांत चांगली आहे. एक दिवस येथे विश्रांतीला ठेवणे शहाणपणाचे.

विजयदुर्गाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मुंबई व गोवा यांच्या दरम्यान एवढे निर्धोक नैसर्गिक बंदर दुसरे नाही. वाघोटण खाडीचे मुख किल्ल्याच्या आडोशाला वळलेले आहे. आत शिरताच समुद्राचा आवाज मागे राहतो आणि पाणी तळ्यासारखे होते. आंग्र्यांनी आपल्या आरमाराचे केंद्र येथे केले ते उगाच नव्हे. त्यांची गुराबे व गलबते पाण्यात उथळ बसत. मागावर आलेली मोठी युरोपीय जहाजे जेथे थांबत, तेथून ती खाडीत आत निघून जात. किल्ल्यापासून जवळच गिर्ये येथे खडकात खोदलेली आंग्रेकालीन गोदी आजही पाहता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी कोठे व कशी करावी याचीही त्यात चर्चा आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याने ज्या विषयाला प्रकरण दिले, त्या विषयाचे भान आजच्या हौशी मंडळींनाही मे महिना उजाडला की येतेच.

विजयदुर्गाहून देवगड मागे टाकीत मालवणला जाताना मात्र सावध राहावे. सिंधुदुर्गाच्या सभोवती पाण्याखालील खडकांचे जाळे आहे. १६६४ मध्ये ही जागा किल्ल्यासाठी निवडताना ते खडक हेच संरक्षण मानले गेले होते, आणि त्यांनी आपले काम अद्याप सोडलेले नाही. अंधारात आत शिरण्याचा मोह टाळावा. दिवसाही स्थानिक कोळ्याला सोबत घेतलेले बरे. या परिसराचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे नांगर प्रवाळावर पडणार नाही हे पाहावे. शेवटचा टप्पा सुमारे अडतीस मैलांचा. निवतीसमोर, किनाऱ्यापासून दूर वेंगुर्ल्याचे खडक लागतात. त्यांवर दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत. तेरेखोल ओलांडले की गोव्याची हद्द सुरू होते आणि संध्याकाळी आग्वादच्या टेकडीवरील १८६४ सालचे जुने दीपगृह नजरेस पडते.

एक गोष्ट सर्वच खाड्यांना लागू आहे. नदीमुखाशी वाळूचे दांडे असतात आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असे नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास उतरतो आणि कोचीला जेमतेम एक मीटर राहतो. भरती चढत असतानाच आत शिरावे. तळ लागलाच तर वाढते पाणी होडी उचलून देते. ओहोटीत रुतलेल्या होडीला पुढच्या भरतीपर्यंत कलंडून पडून राहावे लागते.

दोघांची होडी

होडीवर दोनच माणसे असणे हा या प्रवासाचा सर्वांत रम्य आणि सर्वांत कठीण भाग. इंग्लंडच्या एरिक व सुझन हिस्कॉक या दांपत्याने १९५२ ते १९५५ या काळात ‘वाँडरर तीन’ या अवघ्या तीस फुटी होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे लिन व लॅरी पार्डी यांनी इंजिन नसलेल्या, चोवीस फुटी ‘सेराफिन’मधून जग पालथे घातले. या जोडप्यांच्या लिखाणाने जगभर दोघांच्या नौकानयनाची एक परंपराच तयार झाली.

भारतात हा छंद अजून विरळा आहे. परंतु पाया घातला गेला आहे. सैन्यदलाच्या ‘तृष्णा’ने १९८५ ते १९८७ या काळात देशाची पहिली शिडाची पृथ्वीप्रदक्षिणा केली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने ती पूर्ण केली, ही होडी गोव्यात, दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधली गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना व रूपा या दोन नौदल अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. दोनच माणसांनी महिनोन् महिने पाळ्या कशा सांभाळायच्या, याचे ते उत्तम उदाहरण होय.

मुंबई-गोवा प्रवास त्या मानाने लहान, पण धोका अंतरावर अवलंबून नसतो. दोघांपैकी एकजण पाण्यात पडला तर शीड उतरविणे, होडी वळविणे, पडलेल्यावरून नजर न हलविणे आणि त्याला वर घेणे ही सारी कामे उरलेल्या एकट्याच्या अंगावर येतात. कित्येक जोडप्यांत एकाला सारे येते आणि दुसरा केवळ सोबत करतो. ही वाटणी घरात चालते, समुद्रावर चालत नाही. इंजिन सुरू करणे, शीड आवरणे, नांगर टाकणे आणि रेडिओच्या सोळाव्या वाहिनीवर मदत मागणे, या गोष्टी दोघांनाही स्वतंत्रपणे आल्याच पाहिजेत. कमरेचा सुरक्षा-दोर दिवसाही बांधावा, आणि साथीदार झोपलेला असताना तर नक्कीच. रात्रीचा प्रवास टाळता आला नाही तर तीन-तीन तासांच्या पाळ्या कराव्यात. कोकणच्या समुद्रात रात्री मोठ्या जहाजांपेक्षा दिवा नसलेल्या लहान होड्यांचे आणि पाण्यात पसरलेल्या जाळ्यांचे भय अधिक असते. जाळे पंख्यात अडकले तर होडी तर थांबतेच, शिवाय एका कोळी कुटुंबाचे नुकसान होते.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील पहारा कडक झाला आहे. होडीची नोंदणी, ओळखपत्रे, विमा आणि मार्गाची माहिती जवळ ठेवावी. निघण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात कळवावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक दोघांच्याही भ्रमणध्वनीत असावेत. शिकण्याची सोय मुंबईच्या नौकानयन क्लबांत आणि गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत आहे. नागपुरात अंबाझरी तलावावर राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेचे विद्यार्थी होडी हाकण्याचे धडे घेतात. वारा कोणत्या बाजूने आला की शीड कसे धरायचे, हे तळ्यावरही तितकेच खरे असते.

परतीचा प्रश्न

जाताना मागून ढकलणारा वायव्येचा वारा परत येताना थेट तोंडावर येतो. गोव्याला पोहोचलेल्या अनेक हौशी जोडप्यांचे गणित येथेच चुकते. वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी चालून दिवसभरात वीस मैल कापले तरी पुष्कळ झाले, आणि दुपारच्या लाटा होडीपेक्षा माणसांना अधिक दमवितात. एक गोष्ट मात्र बाजूने असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो. पावसाळ्यात तो उलटतो. म्हणजे वारा आणि प्रवाह यांनी दोन दिशा वाटून घेतल्या आहेत. जुने तांडेल याचा उपयोग करून घेत. मध्यरात्रीनंतर निघायचे, किनारा धरून मतलई वाऱ्यावर उत्तरेकडे जायचे आणि खारा वारा उठण्याच्या आत, दहा-अकराला, नांगर टाकून मोकळे व्हायचे. आज त्यात इंजिनाची भर पडली आहे, इतकेच.

ज्यांना एवढा धीर नाही ते होडी गोव्यात ठेवून रेल्वेने घरी येतात, किंवा आणखी दक्षिणेला कोचीपर्यंत जातात. तेथे बोळगट्टी बेटावर नौकांसाठी बांधलेला धक्का आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, पाठ्यपुस्तकांतील ७२० किलोमीटर धरले काय किंवा नव्या मोजणीतील सुमारे ८७८ किलोमीटर धरले काय, पाहुण्या होडीला बांधून ठेवण्यासारखी अशी जागा मुंबईबाहेर जवळपास नाही. मुंबई-गोवा आगबोटी बंद पडून तीन दशकांहून अधिक काळ लोटला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि लहान बंदरांकडे प्रवासी वाहतुकीच्या दृष्टीने पाहणे थांबले. जेथे एकेकाळी आगबोट उभी राहिली की पडाव उतारू घेण्यास धावत, त्या धक्क्यांवर आता मासळी उतरते. कोठेही राहिले तरी मे महिन्याच्या मध्यापर्यंत होडी पाण्याबाहेर, आडोशाला, पक्की बांधून ठेवावी लागते. पहिला पाऊस किनाऱ्यावर बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, परंतु त्याच्या लाटा त्याच्या कितीतरी दिवस आधी येऊन पोहोचलेल्या असतात.